कॅम्प संपल्यावर मागे काय उरतं?

समजा, यंदा तुमच्या कॉलेजचा एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प चिरनेरला लागलाय. सकाळी सहाला उठायचं, प्रार्थना, चहा-पोहे, मग फावडी-घमेली घेऊन ओढ्यावर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, रांगेत उभं राहून गोणी हातोहात पुढे सरकवायची. पाचव्या दिवशी वनराई बंधारा उभा राहतो, मागे पाणी साठायला लागतं आणि सगळा ग्रुप त्या बांधावर चढून फोटो काढतो. सातव्या दिवशी समारोप, सत्कार, बस. घरी पोहोचेपर्यंत फोटोंना शंभर लाइक्स.

आता एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. तो बंधारा पुढच्या पावसाळ्यात वाहून जाणार आहे. वनराई बंधारा असतोच तेवढ्यापुरता. उन्हाळ्यात गुरांना, भाजीला पाणी मिळावं म्हणून. जूनमध्ये डोंगरावरून पाण्याचा लोंढा आला की गोण्या फाटतात, माती खाली जाते. मग तुमच्या सात दिवसांतलं तिथे काय उरलं? आणि तुमच्यात काय उरलं?

हा प्रश्न आपल्याकडे एका माणसाने आयुष्यभर गांभीर्याने घेतला. मुरलीधर देविदास आमटे. तुम्ही त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखता. ओळखता म्हणजे शाळेच्या पुस्तकात धडा होता, आणि गांधी जयंतीच्या भाषण स्पर्धेत कोणीतरी त्यांचं नाव घेतलं होतं, एवढंच. ते गेले तेव्हा तुमच्यापैकी बरेचजण जेमतेम रांगत होते, काहींचा तर जन्मही झाला नव्हता. त्यामुळे त्यांची गोष्ट नीट सांगायला हवी.

तुम्ही ज्या चिरनेरमध्ये गोण्या भरताय, तिथूनच सुरुवात करू. गावात हुतात्मा स्मारक आहे, पलीकडे अक्कादेवीचा डोंगर. २५ सप्टेंबर १९३० ला आसपासच्या गावांतले शेतकरी, आगरी, कोळी, कातकरी इथे जंगल सत्याग्रहाला जमले होते. पिढ्यान् पिढ्या ज्या रानातून गवत आणि जळण आणलं, ते रान इंग्रज सरकारने कायद्याने राखीव केलं होतं. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले, त्यात नाग्या महादू कातकरी होता. पनवेलचे मामलेदार जोशीही त्या दिवशी मारले गेले. या रानाची किंमत इथल्या माणसांनी अशी मोजली आहे, हे गोणी उचलताना लक्षात असू द्या.

त्याच वर्षी, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, विदर्भात, पंधरा वर्षांचा मुरलीधरही रानात जात होता. पण बंदूक घेऊन, शिकारीला.

मुरलीधरचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, वडील सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर. मुलाला काही कमी नव्हतं. चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक, पुढे स्वतःची स्पोर्ट्स कार, तिच्या सीटला चित्त्याच्या कातड्याची गादी. हॉलिवूडच्या सिनेमांचं प्रचंड वेड. इंग्रजी मासिकात परीक्षणं लिहायची, ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर यांच्याशी पत्रव्यवहार करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर फुल टशन. तुमच्या वर्गात असता तर तुम्ही त्याला एनएसएसच्या फॉर्मजवळही उभं केलं नसतं.

नागपूरला शिकून तो वकील झाला आणि वरोऱ्यात प्रॅक्टिस जोरात चालली. पण अशिलाने खोटं वागायचं आणि आपण ते खरं करून दाखवायचं, यात त्याचं मन रमेना. १९४२ च्या चले जाव आंदोलनात पकडलेल्यांच्या बचावासाठी त्याने वकिलांची फळी उभी केली आणि स्वतःही तुरुंगात गेला. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांशी एकट्याने मारामारी केली. ही हकिगत गांधीजींच्या कानावर गेली आणि त्यांनी या तरुणाला अभय साधक असं नाव दिलं. हे नाव लक्षात ठेवा, त्याचा हिशेब पुढे चुकता होणार आहे.

१९४६ मध्ये नागपूरच्या घुल्यांच्या इंदूशी लग्न झालं. घर कर्मठ, शास्त्री-पंडितांचं. एका लग्नघरात सगळे मजा करत असताना ही मुलगी कोणाला न सांगता म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती. ते मुरलीधरने पाहिलं आणि ठरवलं. या इंदू म्हणजेच साधनाताई. पुढचं सगळं या दोघांनी मिळून केलं आहे. बाबांची गोष्ट सांगताना ताईंना एका ओळीत गुंडाळायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे.

वरोरा नगरपालिकेत ते उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचा संप झाला. हे काम एकदा स्वतः करून बघा म्हणजे कळेल, असं कामगारांचं म्हणणं पडलं. बाबांनी ते खरंच केलं. एक दिवस फोटोपुरतं नाही, तब्बल नऊ महिने डोक्यावरून मैला वाहिला.

आणि याच काळात पावसाच्या एका रात्री त्यांना तुळशीराम दिसला. गटाराकडेला पडलेलं एक गाठोडं वाटलं. जवळ गेले तर माणूस. कुष्ठरोगाने हातापायांची बोटं झडलेली, जखमांत किडे. बाबा घाबरले आणि तिथून पळाले. होय, पळाले. सोजिरांना न घाबरलेला अभय साधक एका आजारी माणसाला बघून घरी पळत आला.

पण घरी त्यांना चैन पडेना. जिथे भीती आहे तिथे प्रेम नाही, हे त्यांनी स्वतःपुरतं कबूल केलं आणि परत गेले. तुळशीरामला आडोसा करून दिला, जखमा धुतल्या, तो मरेपर्यंत सोबत केली. पुढे ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेले आणि संशोधनासाठी रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. रोग झाला नाही. आज विज्ञान सांगतं की बहुतेक माणसांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते आणि नुसत्या स्पर्शाने हा रोग होत नाही. औषधंही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण त्या काळी हा रोग म्हणजे जिवंतपणी मरण होतं. घरच्यांनी बाहेर काढायचं आणि गावाने दगड मारायचे.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन दिली. जमीन कसली, झुडपी जंगल आणि खडक. साप, विंचू आणि रानटी जनावरांचा वावर. १९५१ मध्ये बाबा, साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर तिथे मुक्काम पडला. नाव ठेवलं आनंदवन. पहिलं काम विहीर खणण्याचं. बोटं नसलेल्या हातांना फावडं बांधून माणसांनी खडक फोडला. पाणी लागलं. मग शेत, मग भाजी, मग गाई.

बाबांचा हिशेब साधा होता. भीक दिली की माणूस भिकारीच राहतो, काम दिलं की तो उभा राहतो. दोन वर्षांत आनंदवनात खाऊन उरेल एवढी भाजी पिकायला लागली. ती वरोऱ्याच्या बाजारात नेली तर कोणी घेईना. दूध घेईना. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी खायची म्हणजे काय? विहीर लागली होती, पीक आलं होतं, पण आनंदवन आणि गाव यांच्यामधली भिंत तशीच होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून तिला फावडंही लावता येत नव्हतं.

आता तुमच्यासारख्या मुलामुलींची एंट्री.

सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल नावाची एक संघटना आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्डनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात वेगवेगळ्या देशांतले तरुण गोळा केले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली ही मुलं तिथे एकत्र विटा उचलत होती. आज जगभर जे वर्क कॅम्प चालतात, त्यांची सुरुवात इथली. बिहारमध्ये १९३४ साली भूकंप झाला तेव्हा ही संघटना भारतात आली होती.

आनंदवन सुरू होऊन काही वर्षं झाली होती. याच संघटनेचे पन्नासेक तरुण-तरुणी, वेगवेगळ्या देशांतले, आनंदवनात येऊन राहिले. शिकलेली, चांगल्या घरची मुलं. काही महिने त्यांनी पाया खणला, दगड वाहिले, भिंती चढवल्या आणि आनंदवनाच्या दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. रोग्यांच्या बरोबरीने काम केलं, त्यांच्यासोबत राहिले आणि तिथेच पिकलेलं तिथेच शिजवून खाल्लं.

बातमी वरोऱ्यात पसरली. गोरे लोक येऊन तिथे राहताहेत? ती भाजी खाताहेत? लोक बघायला आले. आधी लांबून, मग फाटकापर्यंत, मग आत. मुलं ठणठणीत होती, हसत होती, गाणी म्हणत होती. हळूहळू वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनची भाजी विकली जाऊ लागली.

इथे जरा थांबा. यात आपल्याला टोचणारीही एक गोष्ट आहे. साधनाताई आणि बाबा आपल्या तान्ह्या मुलांसह तिथेच जेवत होते, ते गावाला दिसत नव्हतं. परदेशी मुलांनी खाल्लं ते दिसलं. गोऱ्या कातडीवरचा आपला विश्वास तेव्हा तसा होता, आणि आजही फार कमी झालाय असं नाही. पण ते बाजूला ठेवलं तरी मुद्दा उरतोच. त्या मुलांनी बांधलेल्या इमारतींचा उपयोग झालाच. तरी त्याहून मोठं काम त्यांनी पंगतीत बसून केलं होतं. विटा तर गवंडीही रचू शकला असता. भाजी खाऊन भीती मोडायचं काम मात्र पाहुण्यालाच जमलं.

बाबांनी ही गोष्ट पक्की डोक्यात ठेवली. पुढचा डाव तर भन्नाट होता. १९६४ मध्ये आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांनी स्वतःच्या हातांनी कॉलेजच्या इमारती बांधल्या, आणि शिकायला आली परिसरातली धडधाकट मुलं. बघा कसं उलटं झालं. ज्या समाजाने बाहेर काढलं, त्याच समाजाच्या पोरांसाठी यांनी कॉलेज बांधून दिलं. कालपर्यंत ज्या फाटकापासून लोक लांब जायचे, त्याच फाटकातून आता मुलं-मुली वह्या घेऊन आत यायला लागली. सेवा ही नेहमी शहराने गावाला, धडधाकटाने आजाऱ्याला, शिकलेल्याने अडाण्याला द्यायची गोष्ट असते, हा समज तिथे कायमचा मोडला.

मग आलं १९६७. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ नावाचं ठिकाण आहे. भोवती दाट रान. तिथे सरकारने दिलेल्या जमिनीवर बाबांनी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यात! चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते तिकडच्या मित्राला विचारा. पहाटे उठून श्रमदान, बांध घालायचे, रस्ते करायचे, माती वाहायची. ऊन चढलं की व्याख्यानं आणि चर्चा. रात्री गाणी. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शेकडो मुलं यायला लागली. जात, आडनाव, बापाचा पगार, सगळं फाटकाबाहेर. ताटं स्वतः घासायची आणि संडासही स्वतः साफ करायचे.

एक तारीख ध्यानात घ्या. तुमची एनएसएस योजना देशात सुरू झाली ती २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत. म्हणजे सोमनाथची छावणी तिच्याहून दोन वर्षांनी थोरली आहे. आणि सोमनाथला ना क्रेडिट होतं, ना दहा मार्क. बाबांना तिथे श्रमिकांचं विद्यापीठ उभं करायचं होतं. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा अशी जी फाळणी आपल्या शिक्षणाने करून ठेवली आहे, ती त्यांना मोडायची होती. सगळं मनासारखं झालं असं नाही. आलेली बहुतेक मुलं आठवड्याने परत गेली, नोकरी-संसाराला लागली. पण प्रत्येक वर्षी काहींच्या मनात काहीतरी अडकून राहायचं, आणि त्यातले काही परत यायचे.

परत येणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर आणखी आत जावं लागेल. गडचिरोलीतलं भामरागडचं जंगल. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांचा संगम. पावसाळ्यात महिनोन् महिने वाटा बंद. तिथे माडिया गोंड राहतात. बाबा १९७० मध्ये मुलांना घेऊन तिकडे सहलीला गेले होते. अंगावर पुरेसं कापड नाही, पोटात अन्न नाही, औषध नावाची गोष्ट माहीत नाही, परका माणूस दिसला की रानात पळून जाणारी माणसं त्यांनी तिथे पाहिली. त्यांनी तिथे काम करायचं ठरवलं आणि धाकटा मुलगा प्रकाशने साथ द्यायचं कबूल केलं.

२३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबा तेव्हा साठीला टेकले होते. डॉ. प्रकाश सर्जरीचं पुढचं शिक्षण सोडून आले, सोबत डॉ. मंदाकिनी. राहायला झोपडी. वीज नाही, फोन नाही. दवाखाना उघडला तरी पेशंट येईनात. माडियांच्या अंगावर कपडे नाहीत आणि आपण इस्त्रीचे घालून फिरायचं हे काही बरं नाही, म्हणून प्रकाशभाऊंनी अंगावरचे कपडेच कमी केले. बनियन आणि अर्धी चड्डी. भाषा शिकले. वाट बघितली. पहिले पेशंट बरे होऊन पाड्यावर परतले, तेव्हा कुठे बाकीचे यायला लागले. पुण्यातला चांगला चाललेला व्यवसाय सोडून विलास मनोहर तिथे आले ते राहिलेच. दवाखाना उभा राहिला, १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकलेली माडिया मुलं पुढे डॉक्टर, शिक्षक झाली.

तुम्ही गोण्या भरताना चिरनेरच्या कातकरी वाडीतली पोरं लांब उभी राहून बघत असतील, तर हा भाग आठवा. ती लाजत नसतात. ती तुम्हाला जोखत असतात.

बाबांचं स्वतःचं शरीर याच काळात साथ सोडत होतं. मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तरी १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पंजाब पेटलेला, देशात सगळीकडे संशयाचं वातावरण. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर आणि बाबा मागे गाडीत पडून. अभियानाचं नाव भारत जोडो. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता, पुढच्या वर्षी पद्मविभूषण. सत्कार घेत घरी बसायचं वय होतं.

मग १९९० मध्ये उभं केलेलं आनंदवन मागे ठेवून ते नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले. मोठ्या धरणात रान आणि आदिवासींची गावं बुडणार होती, त्यांच्या बाजूने उभं राहायला. सुमारे दहा वर्षं राहिले. धरण थांबलं नाही. ही लढाई ते हरले, आणि हे लपवायचं काही कारण नाही. मोठी माणसंही हरतात. तुळशीरामही वाचला नव्हता.

९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन केलं नाही. आनंदवनाच्या मातीतच त्यांना ठेवलं आणि वर झाड लावलं. साधनाताई २०११ मध्ये गेल्या.

आता पुन्हा चिरनेरला येऊ. सातवा दिवस आहे, बस उभी आहे. बंधारा जूनमध्ये जाणार, हे तुम्हाला आता माहीत आहे. मग कॅम्पला जायचंच कशाला? जायचं. गोण्या नीट भरायच्या, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या पाण्यावर कोणाचा तरी मळा जगणार आहे. पण तेवढ्यावर थांबू नका.

एका दुपारी कॅम्पचं जेवण सोडा आणि वाडीवर ज्या घरी बोलावतील तिथे बसून भाकरी खा. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, बंधारा कुठे हवा होता, कारण ओढा त्यांना सरांच्या नकाशापेक्षा जास्त कळतो. त्यांच्याकडून एक तरी काम शिका. रानातली कोणती भाजी कधी येते, किंवा मळीतले खेकडे कसे पकडतात. फोटो काढण्याआधी त्या घरातल्या मावशीला विचारा, आणि तिचं नाव लक्षात ठेवा. पुढच्या पावसात, कॅम्प नसताना, सर्टिफिकेट नसताना, दोघं-तिघं मित्र मिळून एकदा परत जा. बंधारा वाहून गेला असेल. पण ती मावशी तुम्हाला ओळखते का, ते बघा.

ओळखलं, घरात बोलावलं, चहा टाकला, तर समजा तुमचे सात दिवस कामी आले.